जमिनीखालचं तेल कुणाचं? कॅलगरी-ह्यूस्टनची दुहेरी एनर्जी लॉ डिग्री, सोप्या भाषेत

लॉ करणाऱ्या मुलांमध्ये हल्ली एनर्जी लॉ हा शब्द खूप ऐकू येतो. सोलर आहे, ग्रीन हायड्रोजन आहे, कोळसा खाणींचे लिलाव आहेत, तेव्हा ते साहजिकच आहे. आणि मग कुणीतरी सांगतं की असा एक कोर्स आहे ज्यात चार वर्षांत कॅनडा आणि अमेरिका दोन्ही देशांची वकिलीची डिग्री मिळते. हे खरं आहे. कॅनडातल्या कॅलगरी युनिव्हर्सिटीचं लॉ स्कूल आणि अमेरिकेत टेक्सासमधलं ह्यूस्टन युनिव्हर्सिटीचं लॉ सेंटर, दोघं मिळून तो चालवतात, नाव इंटरनॅशनल एनर्जी लॉयर्स प्रोग्राम. दोन वर्षं एका गावात, दोन वर्षं दुसऱ्या गावात, शेवटी दोन जेडी, म्हणजे तिथल्या वकिलीच्या दोन डिग्र्या, हातात. एकेक जेडी वेगळी केली तर तीन आणि तीन सहा वर्षं जातात, इथे चारात काम होतं.

माहिती सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि खरा प्रश्न राहून जातो, तो म्हणजे दोन डिग्र्या हव्यात कशाला? तेल तेच, गॅस तोच, पाइपलाइन तर बॉर्डर ओलांडून सरळ पुढे जाते, मग कायदा दोनदा का शिकायचा? ह्याचं उत्तर नीट कळलं की हा कोर्स आपल्यासाठी आहे की नाही हेही कळतं, म्हणून आधी कायदा बघू, ऍडमिशन आणि बार परीक्षा नंतर.

सुरुवात मालकीपासून. टेक्सासमध्ये साधारण नियम असा की जमीन ज्याची त्याचंच खालचं तेल आणि गॅस. सरकारचं नाही, शेतकऱ्याचं. पण गंमत म्हणजे ही मालकी वरची आणि खालची अशी वेगळी करता येते, म्हणजे मी माझं शेत तुम्हाला विकलं आणि खालचं खनिज स्वतःकडे ठेवलं तर तुम्ही वर कापूस लावा, खालचं तेल माझं, आणि उद्या ते काढायला मी कंपनी आणली तर तिला वाजवी वापरापुरतं तुमच्या शेतात शिरायचा हक्कसुद्धा आहे, कारण तिथल्या कायद्यात खालचा हक्क वरच्यापेक्षा वरचढ मानतात. कंपनी शेतकऱ्याकडून लीज घेते, सही करताना एकरकमी बोनस देते आणि नंतर निघालेल्या तेलात रॉयल्टी. जुन्या काळी ही रॉयल्टी ठरलेलीच असायची, आठवा हिस्सा. आता शेतकरी हुशार झालेत, पाचवा किंवा चौथा हिस्सासुद्धा मागतात आणि मिळवतात.

आता विचार करा, शंभर वर्षांत ह्या शेताचे किती तुकडे झाले असतील, किती वारस, किती जणांनी खनिज वेगळं विकलं, कुणी अर्धं विकलं, कुणी फक्त रॉयल्टी विकली. हे सगळं काउंटीच्या रेकॉर्डमध्ये शोधत बसणारी माणसं असतात, त्यांना लँडमन म्हणतात, आणि त्यांनी जमवलेल्या कागदांवरून नक्की मालक कोण हे लिहून देणारा वकील असतो, त्या लेखी मताला टायटल ओपिनियन म्हणतात. कोट्यवधी डॉलरची विहीर खोदायची की नाही हे त्या कागदावर ठरतं. आपल्याकडे जुने फेरफार आणि वारसनोंदी तपासणारे वकील जे करतात तेच काम, पण तिथे खालच्या थराचंसुद्धा वेगळं.

टेक्सासचा दुसरा मोठा नियम रूल ऑफ कॅप्चर. तेल जमिनीखाली एका जागी बसून राहत नाही, दाब कमी होईल तिकडे सरकतं, त्यामुळे शेजाऱ्याच्या हद्दीखालचं तेल माझ्या विहिरीतून वर आलं तर ते माझं. आपल्याकडे शेजारच्याने खोल बोअर मारली की आपली विहीर आटते आणि फार काही करता येत नाही, तसंच हे, आणि टेक्सासमध्ये १९०४ साली पाण्याच्याच एका खटल्यात हा नियम पक्का झाला, एका रेल्वे कंपनीच्या विहिरीने शेजाऱ्याची विहीर कोरडी केली होती. त्याच्या तीन वर्षं आधी, जानेवारी १९०१ मध्ये, बोमाँटजवळ स्पिंडलटॉपला तेलाचा फवारा उडाला होता, मग काय, जो तो शेजाऱ्याच्या आधी उपसायच्या मागे. विहिरीला विहीर चिकटून, तेल वाया, दाब गेला. ह्याला आवर घालायचं काम ज्या खात्याकडे आलं त्याचं नाव आजही टेक्सास रेलरोड कमिशन आहे. १८९१ साली रेल्वेसाठी स्थापन झालं आणि आता मुख्य काम तेल आणि गॅस, दोन विहिरींत अंतर किती, उत्पादन किती, सगळं तिथे. आणि नियम जुना झाला असं वाटत असेल तर २००८ साली टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने गार्झा खटल्यात तोच फ्रॅकिंगलाही लावला, म्हणजे खडकाला पाडलेल्या भेगा शेजाऱ्याच्या हद्दीत गेल्या आणि तिथला गॅस इकडे आला तरी त्या गेलेल्या गॅसची भरपाई मिळत नाही.

आता वर कॅनडात अल्बर्टाला या. तिथे साधारण ८१ टक्के खनिज हक्क प्रांत सरकारचे आहेत. बाकीच्यात केंद्राचा वाटा आहे, म्हणजे नॅशनल पार्क आणि फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे मूळनिवासींच्या, राखीव जमिनी, आणि काही खासगी. हे असं का झालं? सुरुवातीला पश्चिम कॅनडात ज्यांना जमिनी दिल्या त्यांना खालचं खनिजही मिळत होतं, पण १८८७ च्या सुमारापासून सरकारने जमीन देताना खनिज स्वतःकडे ठेवायला सुरुवात केली, आणि १९३० मध्ये केंद्राने हे हक्क प्रांतांच्या ताब्यात दिले. मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे होती, तिला रेल्वे बांधायच्या बदल्यात अडीच कोटी एकर जमीन मिळाली होती, ती शेतकऱ्यांना विकताना कंपनी काही खनिजं राखून ठेवायची. म्हणजे अल्बर्टातली कंपनी बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या दारात लीज मागायला जात नाही, ती सरकारच्या लिलावात बोली लावते आणि रॉयल्टी सरकारला जाते. शेतकऱ्याला जमीन वापरल्याची भरपाई मिळते, पण तो विहिरीला कायमचं नाही म्हणू शकत नाही, पटलं नाही तर ट्रायब्युनल रक्कम ठरवतं.

इथला बोरिसचा खटला मला फार आवडतो कारण एका ओळीतल्या शब्दांवर किती पैसा अडकू शकतो हे त्यात दिसतं. बोरिस कुटुंबाने १९०६ मध्ये रेल्वेकडून जमीन घेतली, कागदात रेल्वेने कोळसा, पेट्रोलियम आणि किमती दगड राखून ठेवले होते, गॅसचं नाव नव्हतं. फेब्रुवारी १९४७ मध्ये लेडुकला तेल लागलं आणि आजूबाजूच्या सगळ्या जमिनींचे भाव पालटले. आता तेल रेल्वेचं हे ठरलेलं, पण गॅस? आणि तेलात विरघळलेला गॅस, जो वर आल्यावर सुटा होतो, तो कुणाचा? खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टापर्यंत, गेला आणि १९५३ मध्ये निकाल लागला की खाली असताना जो तेलात विरघळलेला आहे तो पेट्रोलियमबरोबर रेल्वेचा, वेगळा साठलेला गॅस बोरिसचा, पण रेल्वेला तेल काढताना त्या गॅसचं काही नुकसान झालं तरी तिला अडवता येणार नाही. म्हणजे भूगर्भात द्रव की वायू ह्यावर मालक बदलतो! अशी केस समजून घ्यायची तर वकिलाला थोडं भूशास्त्र यावंच लागतं, आणि ह्या शाखेची मजा मला इथेच वाटते.

आणि आपण? आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असलं तरी खालचं खनिज आपलं असं धरून चालत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८ खनिजांचा हक्क राज्य सरकारचा म्हणतं, आणि समुद्राखालचं, म्हणजे बॉम्बे हायचं तेल वगैरे, घटनेच्या कलम २९७ प्रमाणे केंद्राचं. पण आपल्याकडेही अपवाद आहेत, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळात मलबारच्या जन्मी, म्हणजे परंपरेने पूर्ण मालकीच्या, जमिनींबद्दल सांगितलं की तिथे खालचं खनिज जमीनमालकाचंच. गोव्याचं तर वेगळंच, पोर्तुगीज काळात खाणींचे कायमस्वरूपी परवाने दिले गेले, १९८७ च्या कायद्याने ते रद्द करून त्यांना साध्या लीज मानलं, मग २०१४ मध्ये कोर्ट म्हणालं की त्या लीज २००७ च्या नोव्हेंबरमध्येच संपल्या होत्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण केलेल्या ८८ लीज एकदम रद्द. गोव्यात किती ट्रक, किती बार्ज, किती घरं त्यावर चालत होती हे ज्यांनी बघितलंय त्यांना खनिज कायदा म्हणजे कोरडा विषय नाही हे वेगळं सांगायला नको. त्याच खाणींनी शेतात आणि नद्यांत काय सोडलं हेही ज्यांनी बघितलंय त्यांनाही नको.

तर पहिला मुद्दा हा की वस्तू एक, पण मालक सीमेवर बदलतो. टेक्सासचा वकील शेतकऱ्यांशी करार करायला शिकतो, अल्बर्टाचा वकील सरकारच्या नियमांशी वागायला शिकतो. एकाच कंपनीला दोन्ही लागतात.

दुसरा मुद्दा, परवानगी कोण देतं. इथे घटना येते. कॅनडात १९८२ मध्ये घटनेत ९२ए हे कलम घालून नैसर्गिक साधनांवर प्रांतांचा अधिकार आणखी स्पष्ट केला, पण पाइपलाइन एका प्रांतातून दुसऱ्यात गेली की ती केंद्राची. ह्या रेषेवर सतत भांडण असतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने केंद्राच्या पर्यावरण मूल्यांकन कायद्याचा मोठा भाग घटनाबाह्य ठरवला कारण केंद्र प्रांतांच्या हद्दीत शिरत होतं. अमेरिकेत राज्याराज्यांमधली वीज आणि गॅस फर्क नावाच्या केंद्रीय आयोगाकडे, पण टेक्सासने आपली बरीचशी ग्रिड राज्याच्या आतच ठेवली, त्यामुळे तिथला वीजबाजार फर्कच्या हाताबाहेर राहिला. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फाच्या वादळात ह्याचा अर्थ सगळ्यांना कळला, गॅसच्या विहिरी आणि वीज केंद्रं गोठली, बाहेरून फारशी वीज आणता येईना, आणि घाऊक दर मेगावॉट अवरला ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेवर नेऊन ठेवले गेले. ब्राझोस नावाच्या वीज सहकारी संस्थेला काही दिवसांचं १८० कोटी डॉलरच्या वर बिल आलं आणि तिने १ मार्चला दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर कितीतरी खटले, गॅस पुरवता आला नाही हे दैवी संकट होतं का कंपनीचा निष्काळजीपणा, दर ठरवणाऱ्यांवर दावा लावता येतो का. लोक थंडीत मेले होते हे विसरून हे वाचता येत नाही, आणि वीज कायदा म्हणजे फक्त टॅरिफचे तक्ते नाहीत हे इथे कळतं.

तिसरा मुद्दा, तिथे आधीपासून राहणारे लोक. कॅनडाच्या घटनेचं कलम ३५ मूळनिवासींच्या हक्कांना संरक्षण देतं आणि २००४ च्या हायडा खटल्यापासून सरकारवर त्यांच्याशी खरीखुरी चर्चा करायचं बंधन आहे. अल्बर्टाचं तेल पश्चिम किनाऱ्यावर नेणाऱ्या ट्रान्स माउंटन पाइपलाइनचं उदाहरण घ्या, कॅनडा सरकारने २०१८ मध्ये ती साडेचार अब्ज कॅनेडियन डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं आणि त्याच ऑगस्टमध्ये कोर्टाने विस्ताराची मंजुरी रद्द केली, एक मोठं कारण म्हणजे सरकारी माणसं फक्त म्हणणं लिहून घेत होती, उत्तर देत नव्हती. परत चर्चा, परत मंजुरी, आणि विस्तारित लाइन सुरू झाली मे २०२४ मध्ये. हे वाचताना ओडिशातलं नियमगिरी आठवल्याशिवाय राहत नाही, २०१३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नाही म्हटलं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून बांबूवर आपला अधिकार सिद्ध केला तोही ह्याच घरातला विषय. नॅचरल रिसोर्सेस लॉ शिकायचा म्हणजे कंपनीच्या बाजूनेच शिकायचा असं अजिबात नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की चर्चेचा कायदा नीट न शिकलेला वकील आता कंपनीच्याही कामाचा नाही, कारण प्रकल्प तिथेच अडकतात.

विहीर संपल्यावर काय, हा विषयही जाता जाता सांगतो, कारण तो पुढे वाढणार आहे. अल्बर्टात रेडवॉटर नावाची तेल कंपनी बुडाली, बँकेचं म्हणणं चांगल्या विहिरी विकून आमचं कर्ज फेडा आणि बंद विहिरी सोडून द्या. २०१९ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नाही, आधी विहिरी बुजवून जमीन साफ करा, मग उरलं तर बँकेला. एका निकालाने कर्ज देण्याची पद्धतच बदलली. उद्या आपल्याकडे जुन्या सोलर आणि पवनचक्क्या काढायची वेळ येईल तेव्हा हाच प्रश्न येणार.

आता हे दोन्ही देश जिथे भिडतात तिथे या. कीस्टोन एक्सएल ही पाइपलाइन अल्बर्टाचं तेल अमेरिकेत न्यायची होती. बॉर्डर ओलांडायला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं परमिट लागतं. ओबामांनी २०१५ मध्ये नाकारलं, ट्रम्पनी दिलं, बायडननी २० जानेवारी २०२१ ला, म्हणजे पदावर आल्याच्या दिवशीच, रद्द केलं. कॅलगरीच्या टीसी एनर्जी कंपनीने नाफ्टा ह्या उत्तर अमेरिकेतल्या जुन्या व्यापार कराराखाली १५ अब्ज डॉलरचा दावा लावला आणि जुलै २०२४ मध्ये लवादाने तो अधिकारक्षेत्र नाही म्हणून फेटाळला, कारण परमिट रद्द झालं तेव्हा नाफ्टा संपलेला होता. ह्या एका केसमध्ये अल्बर्टाचा खनिज कायदा, अमेरिकेच्या राज्यांचा जमीन संपादनाचा कायदा, राष्ट्राध्यक्षांचे अधिकार आणि आंतरराष्ट्रीय करार सगळं आहे. असल्या कामात दोन्हीकडचं वाचता येणारा माणूस टेबलावर लागतो, आणि दुहेरी डिग्रीचा खरा उपयोग इथे आहे. कॅलगरीत कॅनडाच्या तेल कंपन्यांची मुख्य ऑफिसं, ह्यूस्टनमध्ये अमेरिकेतल्या, म्हणून हीच दोन शहरं, उगाच जोडी लावलेली नाही.

महाराष्ट्राचा ह्यूस्टनशी संबंध तर गुहागरमार्गे आहे. एन्रॉन ह्यूस्टनची कंपनी. डिसेंबर १९९३ मध्ये तिच्या दाभोळ कंपनीने राज्य वीज मंडळाशी वीजखरेदी करार केला, त्यात अशी तरतूद की वीज घ्या नाहीतर नका घेऊ, वीज केंद्राच्या क्षमतेचे पैसे द्यायचेच, आणि हिशोब बराचसा डॉलरला बांधलेला. वर राज्याची हमी, तिच्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी, आणि वाद झाला तर लवाद लंडनला. १९९५ मध्ये सरकार बदललं, करार रद्द केला, कंपनी लंडनला गेली, १९९६ मध्ये नव्याने करार. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू, रुपया घसरलेला, इंधन महाग, मंडळाला बिलं झेपेनात, २००१ मध्ये मंडळाने करार संपवला, वीज केंद्र बंद पडलं आणि त्याच डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. मग जीई आणि बेक्टेल ह्या भागीदारांनी भारतावर आंतरराष्ट्रीय दावे लावले, २००५ मध्ये तडजोड झाली आणि रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी आली. तो करार लिहिणाऱ्यांना एनर्जी कॉन्ट्रॅक्ट बारीक माहीत होते. आपल्या बाजूने टेबलावर बसलेल्यांना ते तितके माहीत असते तर लोकांचा किती पैसा वाचला असता हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो, आणि मराठी मुलांनी ह्या विषयात उतरावं असं मी म्हणतो त्यामागे हेच आहे.

आणि त्याच दाभोळच्या टर्मिनलवर ३० मार्च २०१८ ला गेल ह्या आपल्या सरकारी गॅस कंपनीचं अमेरिकेतल्या शेनिएर कंपनीबरोबरच्या वीस वर्षांच्या करारातलं पहिलं एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचं, जहाज लागलं. शेनिएरही ह्यूस्टनचीच. करार वर्षाला ३५ लाख टनांचा, किंमत अमेरिकेतल्या हेन्री हबच्या गॅसच्या भावाला जोडलेली, त्यावर ठरलेली फी, आणि जहाज उचललं नाही तरी ती फी द्यावीच लागते. ह्याला टेक ऑर पेचीच, म्हणजे घ्या नाहीतर पैसे द्या ह्या तरतुदीचीच, एक जात समजा. तुमच्या घरच्या पाइप गॅसच्या किंवा खताच्या किमतीपर्यंत असे करार पोचतात.

दुसऱ्या देशाचा कायदा न बघितल्याने काय होतं ह्याचं सगळ्यात चांगलं भारतीय उदाहरण मुंद्र्याचं आहे. अदानी आणि टाटाच्या केंद्रांनी इंडोनेशियाच्या स्वस्त कोळशाच्या भरवशावर वीजदर ठरवले होते, त्यातली वीज घेणाऱ्यांत महाराष्ट्रही होता. २०१० मध्ये इंडोनेशियाने नियम बदलला की निर्यात जागतिक भावानेच करायची. कंपन्या म्हणाल्या ही फोर्स मेज्युअर, म्हणजे आमच्या हाताबाहेरची आपत्ती आहे, चेंज इन लॉ, म्हणजे कायद्यातला बदल आहे, दर वाढवून द्या. एप्रिल २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉग खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की करारातला कायदा म्हणजे भारतातला कायदा, इंडोनेशियाचा नाही, आणि महाग पडलं म्हणजे अशक्य झालं असं होत नाही. हां, देशातल्या कोळसा धोरणातल्या बदलासाठी मात्र भरपाई मान्य केली. चेंज इन लॉच्या व्याख्येत परदेशी कायद्याचा एक शब्द असता तर हजारो कोटींचा निकाल दुसरीकडे गेला असता.

तर आता कोर्स. जेडी ही पदवीनंतरची डिग्री आहे, बारावीनंतर थेट मिळत नाही, बीए, बीकॉम, इंजिनियरिंग काहीतरी आधी हवं. एलएसएटी ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि दोन्ही लॉ स्कूलनी तुम्हाला घ्यायला हवं, एकाने घेतलं म्हणजे दुसऱ्याने घेतलं असं नाही. चार वर्षांत दोन्ही देशांचे पायाभूत विषय होतात, दोन घटना, दोन्हीकडची प्रॉपर्टी, दिवाणी प्रक्रिया, आणि त्यावर तेल-गॅस, पर्यावरण, वीज, करार, कर. अभ्यास जड आहे. फी परदेशी विद्यार्थ्याला स्थानिक मुलापेक्षा बरीच जास्त पडते, आणि चार वर्षांचं राहणं दोन वेगळ्या देशांत, दोन व्हिसा, दोन्हीकडचे कामाचे नियम. हा हिशोब घरच्यांबरोबर बसून कागदावर मांडा, कर्ज काढायच्या आधी.

डिग्री म्हणजे सनद नाही हेही लक्षात ठेवा. टेक्सासमध्ये बार परीक्षा द्यावी लागते, २०२१ पासून तिथे युनिफॉर्म बार एक्झाम आहे, तिचे गुण ती मानणाऱ्या दुसऱ्या राज्यांतही नेता येतात. अल्बर्टात परीक्षेइतकंच आर्टिकलिंग महत्त्वाचं, म्हणजे अनुभवी वकिलाच्या हाताखाली काम, सोबत बारचा कोर्स. आर्टिकलिंगची जागा मिळवणं हे खरं कठीण काम आहे, त्यासाठी पहिल्या उन्हाळ्यापासून फर्ममध्ये धडपड करावी लागते. तेलाचे भाव पडले की ह्या दोन्ही शहरांत नोकऱ्या आटतात, २०१४ नंतर ते दिसलं होतं, म्हणून मी तर म्हणेन की फक्त तेलावर विसंबू नका, वीजबाजार, दिवाळखोरी आणि लवाद ह्यातलं एखादं अंग बरोबर घ्या.

कुणी घ्यावा? ज्याला उत्तर अमेरिकेतच, सीमेवरच्या व्यवहारांत काम करायचंय त्याने नक्की. ज्याला पुढे भारतात वीज आयोगासमोर उभं राहायचंय त्याने हा मार्ग घेऊ नये असं मला स्पष्ट वाटतं. त्याने इथेच लॉ करून वीज कायदा २००३ आणि खनिज कायदा १९५७ पक्के करावेत, एमईआरसीच्या, म्हणजे राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या, जनसुनावण्यांना जाऊन बसावं, त्या लोकांसाठी खुल्या असतात आणि तिथे जे शिकायला मिळतं ते वर्गात मिळत नाही. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींचा जुलै २०२४ चा निकाल वाचावा, रॉयल्टी हा कर नाही आणि राज्यं खनिज हक्कांवर कर लावू शकतात असा, आठ विरुद्ध एक. देहरादूनच्या यूपीईएससारख्या ठिकाणी एनर्जी लॉचं स्पेशलायझेशनही आहे. आणि ज्याला प्रकल्पांच्या पैशाची बाजू आवडते त्याला दुसऱ्या प्रकारची दुहेरी डिग्री, म्हणजे जेडी आणि एमबीए, जास्त उपयोगी पडेल.

इथे एलएलबी झालेलं असेल तर परत जेडी करायची गरज बहुतेकांना नसते. कॅनडासाठी एनसीए नावाची समिती तुमची डिग्री तपासते, कुठल्या विषयांच्या परीक्षा द्यायच्या ते सांगते, घटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी वगैरे, त्या पास झाल्यावर प्रमाणपत्र आणि मग इतरांसारखंच आर्टिकलिंग. अमेरिकेत न्यूयॉर्क, टेक्सास अशा राज्यांत कॉमन लॉ देशातल्या वकिलांना काही अटींवर, बऱ्याचदा एलएलएम करून, बार परीक्षेला बसता येतं, आणि एनर्जीतलं एलएलएम वर्षभरात होतं. अटी तुमची इथली डिग्री तीन वर्षांची की पाच वर्षांची ह्यावरही ठरतात.

उलट दिशेने, म्हणजे तिथे शिकून भारतात वकिली करायची तर ऍडव्होकेट्स ऍक्ट १९६१ च्या कलम २४ खाली ती परदेशी डिग्री बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली असावी लागते आणि वर त्यांची पात्रता परीक्षा द्यावी लागते. बार कौन्सिल पदवीनंतरचा तीन वर्षांचा नियमित कोर्स बघतं आणि इथे तर प्रत्येक ठिकाणी दोन-दोनच वर्षं बसायचं आहे, तेव्हा परत यायचा जरासुद्धा विचार असेल तर ऍडमिशनचे पैसे भरायच्या आधी बार कौन्सिलला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या.